रस्त्यात ओळख न देणारे घाटोळे डॉक्टर

घाटोळे डॉक्टरांचा आवाज फार मोठा होता. इतर कुठल्या डॉक्टरला तो शोभला असता. पण ज्या दवाखान्यात माणसं मान खाली घालून शिरत आणि स्वतःचं नावसुद्धा पुटपुटत सांगत, तिथं असा आवाज म्हणजे संकटच. नागपुरात गांधीबागेच्या मागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता. पाटीवर फक्त ‘त्वचारोग’ एवढंच लिहिलेलं. खरं म्हणजे नायटे-खरूज घेऊन येणारे थोडे, बाकीचे आमच्यासारखे. परमा म्हणजे गनोरिया, गरमी म्हणजे सिफिलिस, जांघेतल्या गाठी, लघवीची आग. सरकारी दवाखान्यातल्या रांगेत ओळखीचं कोणी भेटेल या भीतीनं लोक इथं येत आणि डॉक्टरांचा आवाज ऐकून दारातच घाबरत.

त्यावर त्यांच्या कंपाउंडरनं, बबनरावांनी, एक तोड काढली होती. बाहेरच्या खोलीत एक जुना रेडिओ होता. आतलं दार लागलं, की बबनराव उठून रेडिओ मोठा करत. दार उघडलं की लहान. हे इतकं सवयीचं झालं होतं, की बाहेर बसलेली माणसं गाण्याच्या आवाजावरून आपला नंबर किती जवळ आला ते ओळखत. क्रिकेटचा सामना असला की मात्र पंचाईत व्हायची. तपासून झालेले पेशंटही बाकावरून उठायचे नाहीत. मग बबनराव म्हणायचे, “दवा झाली ना भाऊ? मग घरी ऐका स्कोर.”

डॉक्टर काटोलकडच्या एका शेतकरी घरातले. मोठ्या शहरात शिकून आले, सरकारी नोकरी करून सोडली, पण बोलणं गावचंच ठेवलं. वकील येवो, हमाल येवो, सगळ्यांशी एकच भाषा. आणि ती आडपडद्याची नव्हती. पेशंटनं “तिथं जखम झाली” म्हटलं, की ते टेबलावर पुढे झुकून जवळच्या गावाचं नाव घेत विचारत, “तिथं म्हणजे कोठं गा? कामठीले?” माणूस शरीरातल्या जागेचं नाव घेईपर्यंत ते पुढे सरकत नसत. मला ही क्रूर थट्टा वाटायची. पुढे त्यांनीच एकदा सांगितलं, की जो माणूस तोंडानं नाव घेऊ शकत नाही, तो घरी जाऊन बायकोला काय सांगणार? इथं माझ्यासमोर एकदा म्हणून टाकलं, की जीभ थोडी सैल होते.

त्यांचा दुसरा नियम रस्त्याचा होता. पहिल्याच भेटीत ते बजावत, “दवाखान्याबाहेर मी तुले ओळखत नाही. नमस्कार करू नको, मी घेणार नाही.” आणि खरोखर घेत नसत. सीताबर्डीच्या बाजारात, लग्नात, बँकेत ते माणसाच्या आरपार पाहत निघून जात. त्यामुळे अर्ध्या शहरात त्यांची ख्याती घमेंडखोर म्हणून झाली होती. आमच्या गिरणीतले एक साहेब एकदा म्हणाले, “तो घाटोळे काय समजतो स्वतःला? शाळेत माझ्या बाजूले बसत होता, आता पाह्यत नाही.” घाटोळे डॉक्टरांच्या इंजेक्शनानं माणूस लंगडतो, आणि साहेब बरेच दिवस लंगडत होते, ते मी पाहिलं होतं.

तिसरा नियम मात्र सगळ्यात अवघड. लग्न झालेल्या माणसाला ते एकट्याला औषध देत नसत. नवरा-बायकोनं एकाच दिवशी यायचं, एकाच बाकावर बसायचं, आणि दोघांनी इंजेक्शन घ्यायचं. यातून एक गंमत झाली होती. नवी नवी जोडपी दवाखान्यात जाताना पाहून गल्लीतल्या बायकांनी ठरवून टाकलं, की घाटोळे डॉक्टर मूल होण्याचं औषध देतात. एक बाई खरोखरच नातू झाला म्हणून पेढे घेऊन आली. तिच्या सुनेला काय झालं होतं ते डॉक्टरांना चांगलं माहीत होतं. त्यांनी पेढा खाल्ला, बबनरावांना दिला आणि बाईला म्हणाले, “पोराले सांभाळा.” तो गैरसमज त्यांनी कधी दूर केला नाही. उलट त्यांना तो सोयीचा वाटे.

इतवारीतला एक किराणा व्यापारी त्यांच्याशी याच नियमावरून वाद घालताना मी ऐकला आहे. रेडिओ त्या दिवशी बिघडला होता. व्यापाऱ्याचं म्हणणं, बायकोला काहीच त्रास नाही, मग तिला कशाला ओढायचं? डॉक्टरांनी त्याला समजावलं ते बाहेर बसलेल्या आम्हा सगळ्यांनाच शिकायला मिळालं. परम्यात पुरुषाला दोन-चार दिवसांत पू येतो, आग होते, म्हणून तो धावत येतो. बाईला पुष्कळदा काहीच कळत नाही. आजार आतल्या आत पोटात ठाण मांडून बसतो आणि मूल राहायची वाटच बंद करतो. “तुले मी दुरुस्त करून घरी पाठवीन,” डॉक्टर म्हणाले, “अन् तू घरून पुन्हा घेऊन येशीन. मंग मले शिव्या देशीन का इंजेक्शन पाण्याचं होतं.” व्यापारी तणतणत बाहेर आला. बाकावर बदनाम वस्तीतली एक बाई बसली होती. तिच्याकडे बोट करून तो म्हणाला, हिच्यासारख्यांनीच हा रोग आम्हाला दिला. डॉक्टर दारात उभे होते. ते एवढंच म्हणाले, “अन् हिले कोणं दिला?” आणि मग त्या बाईला, “या बाई, तुमचा नंबर आहे.” पुढच्या आठवड्यात व्यापारी बायकोला घेऊन आला.

सगळेच आजारी असत असं नाही. रेल्वेलाइनच्या भिंतीवर रंगवलेल्या गुप्तरोगाच्या जाहिराती वाचून कित्येक पोरं अर्धमेली होऊन येत. कळमेश्वरचा एक नवरदेव लग्नाच्या आठवडाभर आधी आला होता. कुठल्याशा तंबूतल्या वैद्यानं त्याला सांगितलं होतं, की तुझी ताकद संपली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, तुला काहीही झालेलं नाही. तर पोरगा नाराज. किमान एक गोळी तरी द्या, म्हणाला. “गोळी कायची? जा, तर्री-पोहे खा,” डॉक्टर म्हणाले, “अन् लगीन कर.” पोरगा गेल्यावर ते बराच वेळ त्या तंबूवाल्याच्या नावानं बोटं मोडत होते. रोगापेक्षा त्यांचा राग भीती विकणाऱ्यांवर जास्त असे.

आता मला माझं सांगितलं पाहिजे. ते टाळून डॉक्टरांबद्दल लिहिता येणार नाही.

मी गिरणीच्या विक्री विभागात होतो. मालाच्या कामानं रायपूर, बिलासपूरकडे जावं लागे. लग्नाला दुसरं वर्ष चालू असताना रायपूरला व्यापाऱ्यांबरोबर एका ठिकाणी गेलो. कोणी जबरदस्ती केली नव्हती. मी गेलो. उन्हाळा लागला तेव्हा एक फोड आला. दुखत नव्हता, खाजत नव्हता. नागपूरच्या उन्हाळ्यात अंगावर काहीही उठलं तरी ते उष्णतेवर ढकलता येतं. एका औषधवाल्यानं थंडाव्याची पुडी दिली, आईनं धण्या-जिऱ्याचं पाणी आणि सब्जा सुरू केला. काही आठवड्यांत फोड गेला. मी सुटलो असं मला वाटलं. पुढे तळहातांवर तांबूस डाग उठले, तेही गेले. मी त्या पुडीचे उपकार मानत राहिलो.

पुढच्या वर्षी आमचं पहिलं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगा होता. आईला कारण सापडलं होतं. निर्मलानं माहेरी पपई खाल्ली होती, ग्रहणात विळी हातात घेतली होती. आई वाईट बाई नव्हती. तिला नातू हवा होता आणि दुःख कुठेतरी ठेवायला जागा हवी होती. ती जागा निर्मला झाली.

दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच्या मुलाचं ऐकून रक्त तपासायला पाठवलं. मग निर्मलाला बाहेर बसवून त्यांनी मला एकट्याला आत बोलावलं आणि सांगितलं, की आधी घाटोळे डॉक्टरांकडे जा, उशीर करू नका.

घाटोळे डॉक्टरांनी मलाही ते कामठीचं विचारलं. मी जागेचं नाव घेतलं. त्यांनी तपासलं, माझंही रक्त पाठवलं, आणि अहवाल आल्यावर समोर बसवून गरमी असल्याचं सांगितलं. “फोड गेला म्हणजे रोग गेला नाही गा. चोर दारातून घरात शिरला, त्याची खूण होती थे. खूण पुसली. चोर आतच आहे.” तो रक्तात लपून वर्षानुवर्षं राहतो, म्हणाले. बायकोकडे जातो, तिच्यातून पोटातल्या मुलाकडे. पहिलं मूल बहुतेक त्यानंच नेलं. दुसरं अजून वाचू शकतं. पेनिसिलिन चांगलं औषध आहे, आईला दिलं की नाळेतून बाळालाही पोचतं. पण जितक्या लवकर तितकं बरं.

मी विचारलं ते विचारायला नको होतं. मी म्हणालो, तिला सांगा की अशक्तपणाची इंजेक्शनं आहेत.

बाहेर रेडिओवर कुठलंसं गाणं ओरडत होतं.

“सांगू शकतो,” ते म्हणाले. “बिचारी घेईन बी. पण तिच्या अंगात काय आहे हे तिलेच माहीत नसलं, तर उद्या लेकराले काही झालं, ती दोष कोणाले देईन? पुन्हा पपईलेच?”

पपईचं मीच त्यांना सांगितलं होतं.

आमच्याकडे रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात ओटी भरून तिला माहेरी न्यायचं होतं. सासरे कळमेश्वरहून येणार होते, दिवस ठरला होता. त्याआधी तीन आठवडे दर आठवड्याला इंजेक्शन पडलं पाहिजे, असा डॉक्टरांचा हिशोब. “येत्या गुरुवारी दोघं या,” ते म्हणाले. “सांगून आण. इथं येऊन मी सांगन असं समजू नको.”

गुरुवारपर्यंत मी काय केलं? रोज सांगायचं ठरवलं आणि रोज गिरणीत गेलो. त्यातच एका दुपारी शेजारणीनं पपई आणून दिली. आई निर्मलासमोर म्हणाली, “ठेवू नका वं बाई, आमच्या घरी मागच्या खेपेला काय झालं माहीत आहे ना?” निर्मलानं पपई मुकाट्यानं परत नेऊन दिली. मी खुर्चीवर बसलो होतो. मला सगळं माहीत होतं, आणि मी पेपर वाचत होतो. रायपूरचं पाप एका वेळचं होतं. हे दुसरं मला जास्त छळतं.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय असं आईला सांगून आम्ही निघालो. घरात बोलता येत नव्हतं, रिक्षात रिक्षावाला होता. मी रिक्षा महाराजबागेपाशी थांबवली. आत एका झाडाखालच्या बाकावर बसून मी तिला सांगितलं. डॉक्टरांनी म्हणायला लावलेलं ते जागेचं नाव कामी आलं. निदान अडखळलो नाही. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, “आपलं पोरगं यानंच गेलं?”

मी हो म्हणालो.

“अन् तुम्हाले कधी माहीत झालं?”

मी खरं ते सांगितलं. तिनं हिशोब केला असावा. “म्हणजे पपई आली तेव्हा माहीत होतं,” ती म्हणाली. मग उठली आणि फाटकाकडे चालू लागली. मला वाटलं घरी निघाली. पण ती रिक्षात बसली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “चला ना. उशीर काहून करता?”

दवाखान्यात आम्ही आत गेलो, दार लागलं, बबनरावांनी रेडिओ मोठा केला. डॉक्टरांनी मला विचारलंच नाही. तिला म्हणाले, “काहून आल्या ते माहीत आहे का बाई?”

निर्मला सातवीपर्यंत शाळा शिकलेली, चारचौघांत न बोलणारी. ती सरळ म्हणाली, “हो. गरमी आहे. यांच्यापासून मले आली. लेकरू वाचवायचं आहे.”

एवढ्या वर्षांत घाटोळे डॉक्टरांचा आवाज खाली आलेला मी त्या एकदाच ऐकला. रेडिओच्या गोंगाटात मला तो कसाबसा ऐकू येत होता, आणि तो माझ्यासाठी नव्हताच. ते तिला सांगत होते, की तुमचं काहीही चुकलं नाही. पपईनं काही होत नाही, ग्रहणानं काही होत नाही. लेकरू जाण्याशी तुमच्या हातून घडलेल्या कशाचाही संबंध नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं. निर्मला पहिल्या मुलानंतर घरात कधी रडली नव्हती. तिथं रडली. डॉक्टरांनी तिला घाई केली नाही. ते हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

मग हातावर टोचून औषध सोसतं का ते पाहिलं, आणि दोघांना इंजेक्शन दिलं. पांढरं, घट्ट औषध, जाड सुई. कमरेत कळ अशी, की पाय टाकवेना. डॉक्टरांचा आवाज पुन्हा चढला होता. “जोडीनं लंगडत जा,” ते म्हणाले. “लोक म्हणतीन गरब्यातून आले.” निर्मला हसली नाही. पण पायऱ्या उतरताना तिनं माझा दंड धरला. आधारासाठीच धरला असेल.

घरी गेल्यावर तिनं एकच अट घातली. आजाराचं नाव आईंना सांगू नका, पण मुलगा माझ्यामुळे गेला नाही हे सांगा. मी आईला सांगितलं, की दोष माझ्या रक्तात होता, डॉक्टरांनी तपासून काढलाय. आई माझ्याकडे पाहत राहिली. तिला किती कळलं हे मला आजही ठाऊक नाही. पण सातव्या महिन्यात ओटी भरताना तिनं निर्मलाच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “मी तुले लय बोलली वं.” पपईचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

मुलगी झाली. अंगानं बारीक पण धडधाकट. डॉक्टरांनी तिचं रक्त तपासून घेतलं, काही महिन्यांनी पुन्हा घेतलं, आमचंही घेत राहिले. फोड गेल्यावर जसा मी पळालो होतो तसं पळू दिलं नाही. सगळं ठीक निघालं तेव्हा त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, आता एकच पाहायचं राहिलं. हा आजार आईच्या पोटात मुलाला लागला, तर पुढे दुधाचे पडून जे समोरचे वरचे दात येतात ते बारीक, मधोमध खाच पडलेले येतात. “हिले काही होणार नाही. पण दात आले की मले दाखवजा.”

ते दात येण्याआधीच दवाखाना बंद झाला. डॉक्टरांना लकव्याचा झटका आला होता असं ऐकलं. बबनराव एका औषधाच्या दुकानात लागले. डॉक्टर मुलाकडे राहतात म्हणे, भेटत नाहीत. आमच्या मुलीचे, वैशालीचे, पुढचे दुधाचे दात हलायला लागले तेव्हा मी रोज सकाळी तिला तोंड उघडायला लावायचो. ती वैतागायची. निर्मला चुलीपाशी हातातलं काम थांबवून माझ्या तोंडाकडे पाहायची.

नवे दात पूर्ण बाहेर आले त्या पावसाळ्यात शाळेचे बूट घ्यायला आम्ही तिघं सीताबर्डीवर गेलो होतो. दुकानातून बाहेर पडलो आणि समोरून घाटोळे डॉक्टर आले. हातात छत्री, तीच काठीसारखी टेकत. एक पाय ओढत होते. चेहरा बारीक झाला होता. मी थांबलो. नमस्कारासाठी हात उचलणार होतो आणि नियम आठवून खाली घेतला. त्यांनी माझ्या आरपार पाहिलं, निर्मलाच्या आरपार पाहिलं आणि पुढे गेले.

चार पावलं गेले असतील. मग थांबले, छत्रीच्या आधारानं हळू वळले आणि परत आले. आमच्याकडे नाही, वैशालीकडे. तिच्यासमोर वाकून म्हणाले, “नाव काय वं तुहं?”

तिनं सांगितलं.

“हास बरं.”

“काहून?”

“म्हाताऱ्याले पाहू दे.”

आवाज तसाच मोठा होता. दुकानातली माणसं पाहायला लागली. वैशाली आधी आईकडे पाहून लाजली, मग खुदकन हसली. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिचं तोंड उजेडाकडे केलं. ते दोन रुंद, सरळ दात त्यांनी इतका वेळ पाहिले, की मला माझा श्वास ऐकू आला. मग त्यांनी चष्मा खाली घेतला.

“बेस्ट आहेत,” ते तिला म्हणाले. “ऊस खात जाजो.”

आणि निघाले. निर्मलानं रस्त्यातच हात जोडले. मी तिला अडवलं नाही, मीही जोडले. त्यांनी वळून पाहिलं नाही. छत्री टेकत, पाय ओढत ते गर्दीतून चालत राहिले. पुढे चौकात स्कूटरवरच्या एका गृहस्थानं त्यांना वाकून नमस्कार केला. डॉक्टरांनी त्याला ओळखलं नाही.